ओरडा आधी, चौकार नंतर

२०२५ च्या फेब्रुवारीत नागपूरबाहेर जामठ्याच्या स्टेडियमवर भारत-इंग्लंड वनडे होती, त्या दिवशी मी गावातल्या सदर भागात एका ऑफिसात कामासाठी गेलो होतो. काम व्हायचं नव्हतंच. ज्यांची सही हवी होती ते साहेब मॅचला गेले होते, आणि शेजारच्या टेबलावरच्या बाबूंनी ही बातमी मला इतक्या अभिमानाने दिली, की साहेबांची टीममध्येच निवड झाली असावी. ऑफिस सुटेपर्यंत उगाच ताटकळलो, मग कंटाळून निघालो आणि व्हीसीएच्या, म्हणजे विदर्भ क्रिकेट असोसिएशनच्या, जुन्या मैदानाजवळच्या एका पानठेल्यावर थांबलो. साडेसहाचा सुमार असेल. ठेलेवाला खर्रा घोटत होता. पन्नीत सुपारी, तंबाखू, चुना घालायचा, पन्नीची सुरळी करायची आणि ठेल्याला ताणून बांधलेल्या दोरीवर ती घासत राहायचं. हात दोरीवर आणि डोळे सुपारीच्या डब्याला टेकवून ठेवलेल्या मोबाइलवर. श्रेयस अय्यर खेळत होता. चार-पाच जण त्या वितभर पडद्यावर माना वाकवून उभे होते. तेवढ्यात समोरच्या बिल्डिंगच्या तिसऱ्या मजल्यावरून ओरडा आला. मोबाइलवर बॉलर अजून चेंडू पँटला घासत उभा होता. "आता पाहा, चौका येते," ठेलेवाला मान वर न करता म्हणाला. आला. थोड्या वेळाने पुन्हा वरून आवाज आला, पण या वेळी लांबट, खाली घसरत जाणारा. "गेला बे," कॉलेजातला एक पोरगा म्हणाला आणि शांतपणे विकेट पडायची वाट पाहू लागला.

सगळे हसत होते, मीही हसलो. वरच्यांच्या घरी डिश, खाली मोबाइलचा डेटा, त्यामुळे तिसरा मजला आमच्यापेक्षा अर्धा मिनिट पुढे जगत होता, एवढीच ती गंमत. पण घरी येईपर्यंत काहीतरी खुपत राहिलं. ज्या मैदानात ९ कसोट्या झाल्या, त्याच्या भिंतीला जवळपास पाठ टेकून आम्ही पंचवीस-तीस हजार लोकांचा गलका ऐकायचा प्रयत्न करत होतो, आणि तो कुठून येत होता? जामठ्याहून आकाशात, आकाशातून तिसऱ्या मजल्यावर, आणि तिथून एका कुटुंबाच्या घशातून आमच्यापर्यंत.

भिंतीपलीकडे अंधार होता.

माझी आत्या सदरला राहायची. घर मैदानापासून इतकं जवळ, की मॅचच्या दिवशी आत टीव्ही चालू असला तरी खिडकी बंद करायची सोय नसे. पडद्यावर बॅट फिरायची आणि खिडकीतून आवाज आत यायचा, दोन्ही एकदमच. ट्रान्झिस्टरवर तर त्याहून मजा. कॉमेंटेटर बिचारा 'और यह गेंद...' म्हणेपर्यंत खिडकीने निकाल सांगून टाकलेला असायचा. गच्चीवरून दोन स्टँडच्या फटीतून मैदानाची एक पाचर दिसायची. त्या पाचरीत पिच नव्हतं. सीमारेषेचा तुकडा आणि तिथे उभा असलेला एखादा फिल्डर, बस. तो फिल्डर धावत सुटला की आम्ही ओरडायचो, चेंडू आमच्या तुकड्यात आला तर आम्हालाच फटका मारल्याचा आनंद व्हायचा. आत्येभाऊ, त्याचे मित्र, शेजारचे, शेजाऱ्यांकडे आलेले पाहुणे, मिळून वीस-पंचवीस जण त्या गच्चीवर असायचे. खाली रस्त्याकडेच्या कडुनिंबावर पोट्टे चढलेले. पोलीस येऊन काठी आपटायचा, पोट्टे उतरायचे, तो वळला की परत वर. त्या दिवसांत मैदानात किती माणसं मावतात यापेक्षा मैदानाभोवती किती मावतात हा आकडा मोठा असणार, असं मला अजूनही वाटतं.

३१ ऑक्टोबर १९८७. दिवाळी होऊन आठवडा झाला होता, डब्यात चकल्यांचे तुकडे आणि तळाला बसलेला चिवडा उरला होता. वर्ल्ड कपची मॅच, समोर न्यूझीलंड. ती मॅच ज्यांना माहीत आहे त्यांना मी नव्याने काय सांगणार? चेतन शर्माने रुदरफोर्ड, स्मिथ आणि चॅटफिल्ड, तिघांच्या लागोपाठ दांड्या उडवल्या. वर्ल्ड कपमधली पहिली हॅटट्रिक. मग अंगात ताप असलेल्या गावसकरने ८८ चेंडूंत नाबाद १०३ केले, त्याच्या आयुष्यातलं वनडेतलं एकमेव शतक. ४२ ओव्हरच्या आसपास जिंकलं तरी गटात पहिले येणार होतो, पण आपण ३२.१ ओव्हरमध्येच आटोपलं. हे सगळं नंतर वाचून पक्कं झालेलं. माझ्या स्वतःच्या आठवणीत त्या दिवसाचे तीन आवाज आहेत. पहिली दांडी पडली तेव्हाचा नेहमीचा. दुसरीचा मोठा. आणि तिसरा चेंडू पडण्याआधीची शांतता, जिच्यात खालच्या गल्लीतल्या सायकलची घंटी ऐकू आली. त्यानंतर जे झालं त्याला आवाज म्हणवत नाही, घराच्या पत्र्यांना ते जाणवलं. आत्येभावाने मला उचलून घेतलं आणि माझं डोकं पाण्याच्या टाकीवर आपटलं. टेंगूळ घेऊन खाली आलो तर आत्या म्हणाली, "तुले कायले मारलं त्यांनी?"

सी. के. नायडूंचा जन्मही ३१ ऑक्टोबरचाच, १८९५ सालचा, आणि नागपूरचाच. भारताचा पहिला कसोटी कर्णधार आमच्या गावचा, हे आमच्याकडे शाळेतल्या प्रत्येक स्नेहसंमेलनात एकदा तरी सांगितलं जायचं. सांगणाऱ्याला पुढचं नाव विचारलं की तो विषय बदलायचा. विदर्भातून कसोटीत चमकलेला गोलंदाज म्हणून उमेश यादवचं नाव घ्यायला आम्हाला २०११ पर्यंत थांबावं लागलं. तोवर आमच्याकडे खेळाडू कमी आणि मैदान मोठं, अशी परिस्थिती होती. दुसऱ्यांचे पराक्रम आमच्या अंगणात व्हायचे. १९६९ ला इथली पहिली कसोटी झाली, तीच न्यूझीलंडने १६७ धावांनी जिंकली. त्यांचा भारतातला पहिला कसोटी विजय. बाबा तेव्हा कॉलेजात होते, एक दिवस तासांना बुट्टी मारून गेले होते. "हरलो, पण मैदान आपलं होतं ना," असं ते सांगायचे, आणि मला लहानपणी त्यात काही विचित्र वाटायचं नाही. पुढे २००० साली अँडी फ्लॉवरने नाबाद २३२ काढले, २००४ ला गिलख्रिस्टच्या ऑस्ट्रेलियाने हिरव्यागार पिचवर आपल्याला ३४२ धावांनी लोळवून मालिका जिंकली, २००६ ला कुक नावाच्या पोराने पदार्पणात शतक ठोकलं आणि पानेसरने आयुष्यातली पहिली विकेट घेतली ती थेट सचिनची. यजमानपण आमच्याकडे उत्तम होतं, एवढं यावरून सिद्ध व्हावं.

गच्चीच्या या आठवणी मी एकदा मित्रांमध्ये रंगवून सांगत होतो, तर त्यातला एक जण उठून बाहेर गेला. नंतर कळलं, त्याच्या ओळखीतलं कोणी २६ नोव्हेंबर १९९५ ला पूर्वेकडच्या स्टँडमध्ये होतं. त्या दिवशीही समोर न्यूझीलंडच होतं. स्टँडची भिंत कोसळली आणि खालची माणसं गेली, कितीतरी जखमी झाले. मॅच पूर्ण झाली. न्यूझीलंडने ३४८ केले, आपण ९९ धावांनी हरलो, स्कोअरकार्डात हे सगळं आहे आणि भिंतीला त्यात रकाना नाही. मी त्या वेळी गच्चीवर नव्हतो, घरी होतो, टीव्हीवर पाहत होतो. टीव्हीवरून काही कळलं नाही. आत्येभाऊ सांगतो की त्यांना गच्चीवर एक आवाज ऐकू आला होता, आणि त्यांना वाटलं कोणीतरी फटाके लावले. खिडकीतून आत येणारा प्रत्येक आवाज आम्ही आनंदाचाच धरून चाललो होतो.

त्यामुळे जुनं ते सोनं हे गाणं मला व्हीसीएच्या बाबतीत पूर्ण गाता येत नाही.

गावात मावेनासं झालं म्हणून मैदान गावाबाहेर गेलं, यात चुकीचं काही नाही. वर्धा रोडवर जामठ्याला नवं स्टेडियम उभं राहिलं, २००८ च्या नोव्हेंबरात ऑस्ट्रेलियाविरुद्ध तिथली पहिली कसोटी झाली. गांगुलीची शेवटची, लक्ष्मणची शंभरावी, आणि क्रेझा नावाच्या एका ऑफस्पिनरने पदार्पणात १२ बळी घेतले. आमची यजमानपणाची परंपरा तिथेही सुरू राहिली म्हणायची. मी एक दिवस गेलो होतो. पार्किंगपासून चालत चालत आत शिरलो आणि वर जाऊन बसलो, तर समोर संपूर्ण मैदान. एकही खांब आड नाही. पहिला अर्धा तास मी नुसता त्या अखंडपणाकडे पाहत होतो. फटीतून दिसणारी पाचर डोक्यात धरून वाढलेल्या माणसाला पिच, दोन्ही टोकं, साइटस्क्रीन, बारावा खेळाडू, सगळं एका नजरेत म्हणजे चैनच. पण स्टँड अर्धे रिकामे होते. वाऱ्याचा आवाज येत होता. कामाच्या दिवशी कसोटी बघायला इतक्या लांब येणार कोण? व्हीसीएला ऑफिसातून 'जरा जाऊन येतो' म्हणून दोन ओव्हर पाहून परत येणारे बाबू होते. सिव्हिल लाइन्समध्ये सगळी सरकारी ऑफिसं, हायकोर्ट आणि मैदान एकमेकांना इतकी लागून, की कसोटीच्या पाच दिवसांत फायली हलायच्या नाहीत आणि कोणी तक्रारही करायचं नाही, कारण तक्रारदारसुद्धा आतच असायचा. जामठ्याला 'जरा' जाता येत नाही. सुटीच टाकावी लागते, नाहीतर माझ्या त्या साहेबांसारखं सही अडवून जावं लागतं.

आणि पास. नागपूरकर तिकिटाची किंमत विचारत नाही, 'पास भेटते का?' विचारतो. राजधानी गेली, हिवाळी अधिवेशन राहिलं, आणि अधिवेशनाबरोबर ओळखी राहिल्या. कोणाचा मेहुणा मंत्र्याच्या पीएकडे, कोणाचा भाऊ पोलिसात, कोणाची वहिनी महापालिकेत. माझ्या माहितीतले एक काका आहेत, त्यांनी आयुष्यात एकदाही तिकीट काढलं नाही आणि एकही मोठा कार्यक्रम चुकवला नाही. त्यांना मी विचारलं, कधी पास नाही मिळाला तर? ते म्हणाले, "तर मग कार्यक्रमच फालतू असते."

पासांचं खरं राज्य गाण्याच्या कार्यक्रमांना. वसंतराव देशपांडे सभागृहात आई मला पहिल्यांदा घेऊन गेली ती पासावरच. वसंतराव मूर्तिजापूरचे, गाणं शिकले नागपुरात शंकरराव सप्र्यांकडे, आणि त्यांच्या नावाचा संगीत समारोह दरवर्षी त्यांच्याच नावाच्या सभागृहात होतो. मी आठवी-नववीत असेन. आधी भाषणं झाली, दीप पेटवला गेला, वाऱ्याने विझला, परत पेटवला. मग पडद्यामागून तंबोरे जुळवल्याचा आवाज येऊ लागला आणि आई सरसावून बसली. मला वाटलं गाणं सुरू झालं. बराच वेळ ते चाललं. आई कानात म्हणाली, "अजून सुरू नाही झालं. पण हेच ऐक." तिचं म्हणणं तेव्हा पटलं नाही, आणि विलंबित ख्यालात मी तिच्या खांद्यावर झोपून गेलो. आता मात्र कुठल्याही मैफलीत मला सगळ्यात आवडतो तो तेवढाच भाग. गवई येऊन बसलेला, तबलजी हातोडीने गठ्ठे ठोकतोय, कोणीतरी खोकतंय, पासवाले अजून खुर्च्यांचे नंबर शोधतायत, आणि या सगळ्याच्या खालून तो षड्ज वर येतोय. सिव्हिल लाइन्समधल्या त्या हॉलचा आवाज अजून बरा आहे. मागच्या रांगांमध्ये थोडा मरतो, पण मागच्या रांगांमध्ये पास नसलेलेच बसतात.

बाबांच्या पिढीला सभागृह म्हटलं की धनवटे रंगमंदिर. झाशी राणी चौकात, विदर्भ साहित्य संघाचं. ते पाडलं गेलं, त्याजागी संकुल उभं राहिलं, आणि आता समोरून मेट्रो जाते. बाबा त्या चौकातून जाताना दर वेळी मान वळवायचे, आणि तिथे काय होतं हे मला ठाऊक आहे हे ठाऊक असूनही सांगायचे. मुंबईची नाटक कंपनी रेल्वेने यायची, सेट ट्रकमधून उतरताना बघायला बर्डीवर गर्दी व्हायची, प्रयोगाला पंख्यांची घरघर इतकी, की शोकान्त प्रवेशात पंखे बंद करायचे आणि प्रेक्षक घामाने आणि डोळ्यांनी एकदमच भिजायचे. राज्य नाट्य स्पर्धेची प्राथमिक फेरी अलीकडे लक्ष्मीनगरच्या सायंटिफिक सभागृहात असते. तिथल्या चहाच्या कट्ट्यावर प्रयोगानंतर जी चिरफाड चालते ती परीक्षकांनी ऐकली तर निकाल बदलतील. रेशीमबागेत २०१७ पासून सुरेश भट सभागृह आहे, दोन हजारांच्या आसपास माणसं बसतील एवढं. बाहेरून भव्य, आतून वातानुकूलित. आत गझलेची मैफल रंगात आली असेल तरी बाहेरच्या पार्किंगमधल्या माणसाला पत्ता लागत नाही. आवाजाच्या शास्त्राप्रमाणे हे चांगल्या सभागृहाचं लक्षण आहे, हे मला मान्य आहे. तरी आयुष्यभर मिजाशीत आणि मैफलीत जगलेल्या त्या कवीच्या नावाची वास्तू इतकी तोंड मिटून बसलेली पाहिली की थोडं अवघडायला होतं.

माझी भाची हे सगळं ऐकून घेते आणि मग एका वाक्यात निकाल लावते. ती जामठ्याला मॅच बघते, मानकापूरच्या क्रीडा संकुलात कॉन्सर्टला जाते, खापरीपर्यंत मेट्रोने आणि पुढे बसने. गेल्या दिवाळीत मी गच्चीची गोष्ट पुन्हा लावली तेव्हा ती म्हणाली, "मामा, त्या गच्चीवर मुली किती होत्या?"

मी आठवून पाहिलं. आत्येबहीण एकदा पाणी द्यायला वर आली होती. कडुनिंबावर तर प्रश्नच नाही. आत्या स्वतः? तिच्या घरापासून मैदान दोन मिनिटांवर, मॅचेस वर्षानुवर्षं, आणि ती एकदाही आत गेलेली नव्हती. भाचीने तिला फोन लावला, स्पीकरवर. आत्या आता पुण्याला मुलाकडे असते, ऐकायला जरा कमी येतं. गावसकरची सेंच्युरी आठवते का, असं विचारलं. आत्या म्हणाली, "आठवते ना. त्या दिवशी सहा कप फुटले. सेटमधले." मग थोडं थांबून तिने विचारलं, "पण दूध कोनी आणलं होतं त्या दिवशी? मी दोनदा पाठवलं होतं कोनाले तरी." भाची माझ्याकडे बघत होती. दूध आणायला मीच गेलो असण्याची शक्यता आहे, पण मी बोललो नाही.

बायकांनी भरलेलं स्टेडियम मी पहिल्यांदा पाहिलं ते यशवंत स्टेडियम, आणि तिथे कोणताही खेळ चालू नव्हता. आमचं घर धंतोलीला. डिसेंबरात अधिवेशन लागलं की सकाळी सात वाजल्यापासून 'हॅलो, हॅलो, माइक टेस्टिंग' सुरू व्हायचं. मोर्चे तिथूनच निघत. एका वर्षी अंगणवाडीच्या बायका आल्या होत्या. रात्रीच्या गाड्यांनी, एसट्यांनी, कुठून कुठून. गडचिरोलीच्या होत्या, मेळघाटातल्या होत्या. मी शाळेत जाताना गेटमधून डोकावलो, तर पायऱ्यांवर ओळीने सगळीकडे साड्याच साड्या, कानाला बांधलेले स्कार्फ, डब्यातली थंड पोळी आणि लोणचं, कोणी एकीच्या पाठीला टेकून झोपलेली, कोणी बाळाला पाजत बसलेली. अकराच्या सुमाराला त्या उठल्या आणि 'कोण म्हणतो देणार नाही' सुरू झालं. 'घेतल्याशिवाय राहणार नाही' हे उत्तर आमच्या वर्गाच्या खिडकीतून इतकं स्वच्छ येत होतं, की भूमितीच्या बाईंनी खडू खाली ठेवला आणि खिडकीत जाऊन उभ्या राहिल्या. त्या वेळी मला वाटलं, बाई वैतागल्या. आज वाटतं, कदाचित नसतील वैतागल्या.

यशवंत स्टेडियम तसं खेळासाठीच बांधलेलं, पण नागपूरच्या मैदानांना एकच काम करायची सवय नाही. कस्तुरचंद पार्कवर रावण जळतो, सभा होतात, प्रदर्शनं लागतात, मधल्या दिवसांत टेनिस बॉलचे दहा सामने एकमेकांत घुसून चालतात आणि एकाचा मिडऑन दुसऱ्याचा विकेटकीपर असतो. २०१९ ला तिथे खोदकाम करताना जमिनीतून तोफा निघाल्या. कितीतरी वर्षं लोक त्यांच्या डोक्यावर धावा काढत होते. मोतीबागेच्या रेल्वे मैदानावर फुटबॉल लीग बघायला जायचो तेव्हा मालगाडीची शिट्टी आणि रेफरीची शिट्टी यांत फरक करायला शिकावं लागायचं. कामठीच्या रब्बानी क्लबची मॅच असली की त्यांचे पाठीराखे तिकडून येत, आणि त्यांच्या बोलीतला एकेक शेरा असा असायचा की विरोधी संघाचे लोकही हसत. हे सगळं तिथेच बसून ऐकण्याचं. टीव्हीवर कधी आलं नाही, येणारही नाही.

बरं, भिंतीबाहेरचा श्रोता संपला असंही म्हणवत नाही. हिवाळ्यात ईश्वर देशमुख कॉलेजच्या मैदानावर खासदार सांस्कृतिक महोत्सव असतो, तेव्हा क्रीडा चौक, हनुमाननगर या भागातल्या गच्च्यांवर बघा. स्वेटर घालून खुर्च्या टाकलेल्या असतात, सांबारवडीच्या प्लेटी फिरत असतात, दूरवर मोठ्या पडद्यावर कोणी तरी रंगीत ठिपका नाचत असतो आणि गाणं मात्र अगदी शेजारी बसून गायल्यासारखं. माझ्या एका मित्राचं घर तिथे आहे. त्याच्याकडे त्या दिवसांत पासवाले पाहुणेसुद्धा येतात, कारण आत गर्दी फार असते. त्याची बायको पहिल्याच वर्षी म्हणाली होती की वर येणाऱ्याने येताना खायचं घेऊन यायचं आणि आपापले कप धुऊन जायचं. तो नियम टिकला आहे. आत्याला हे सांगायला हवं.

जानेवारीत एका सकाळी पुन्हा सदरला जाणं झालं, तीच सही. साहेब अकराला येतात असं कळलं, म्हणून वेळ काढायला व्हीसीएच्या गेटापाशी गेलो. जामठा झालं तरी हे मैदान बंद पडलेलं नाही, लीग आणि रणजीचे सामने इथे होत असतात, हे पेपरात वाचत होतो. पण आत जाणं काही झालं नव्हतं. वॉचमनने "कोणाकडे?" विचारलं. मी म्हटलं, बघायला आलो. त्याने एकदा खालपासून वरपर्यंत पाहिलं आणि सोडलं. आत मुलींची प्रॅक्टिस मॅच चालू होती. लहान होत्या, बारा-पंधरा वर्षांच्या. स्टँडमध्ये आठ-दहा पालक, थर्मास, एका आईच्या हातात स्वेटरचं विणकाम. गच्चीवरून दिसायची ती पाचर कुठली असेल म्हणून मी शोधू लागलो, पण आतून बाहेर बघताना अंदाज लागेना, आणि आत्याच्या घराजागी आता उंच इमारत आहे. शेजारी एक गृहस्थ बसले होते, हिंगण्याहून आलेले, एमआयडीसीत नोकरीला. त्यांची मुलगी बॉलिंग करत होती. डावखुरी. पहिल्या चेंडूला त्यांनी श्वास रोखला, ते मला शेजारी कळलं. चेंडू पडला, बॅटच्या कडेपासून निसटला, विकेटकीपर मुलगी जिवाच्या आकांताने ओरडली. तेवढा एक आवाज सबंध रिकाम्या मैदानात फिरून आला.

"इथं सराव असला की बरं पडते," ते म्हणाले. "जामठ्याले असला की पेट्रोल वेगळं काढून ठेवा लागते. मी सोडाले जातो, तिची आई आणाले." मेट्रो पुढे बुटीबोरीपर्यंत न्यायचं काम चाललंय, जामठा त्याच रस्त्यावर आहे, असं मी म्हटलं. "तोवर पोरगी इंडिया खेळून येईल," ते म्हणाले आणि स्वतःच हसले. मग ओव्हर संपली, मुलगी फाइन लेगला गेली, तिने इकडे पाहून हात वगैरे केला नाही, आणि ते जरा सैलावून बसले. गंमत सांगू का, म्हणाले, पोरगी इथं खेळते हे कळल्यापासून सगळं खानदान मलेच पास मागते. जामठ्याला मॅच लागली की फोन बंद ठेवतो. मुलीच्या क्रिकेटचा आणि पासांचा काही संबंध नाही, हे लोकांच्या डोक्यात शिरत नाही. मीही त्यावर मान डोलावली. आपल्याकडे ही सवयच वाईट, असं काहीतरी बोललो.

साडेअकरा झाले. उठताना त्यांनी नंबर दिला-घेतला. "तुम्हाले लागले तर सांगा बरं," ते म्हणाले. "एक जण हाय ओळखीचा. किती पाहिजे?"

भाची तर येणारच होती, आणि आत्या मार्चमध्ये नागपूरला यायची होती. मी तीन सांगितले.